कुरळ्या, राठ केसांना मानवेल असं प्रॉडक्ट कसं शोधायचं: आधी पाणी, मग बाटली

विंचरल्यावर ज्यांचे केस बसायच्या ऐवजी फुलतात, त्यांच्यासाठी हा लेख आहे. कुरळे, लाटदार, राठ, टाळूशी तेलकट आणि टोकाला झाडूसारखे, पावसाळ्यात पिंजारणारे, असे सगळे यात आले. ‘अगं, जरा तेल लावत जा’ हे ऐकून ज्यांचे कान किटलेत तेही आले.

सरळ, मऊ केसांच्या माणसाला कुठलाही शाम्पू चालून जातो. आपल्याला चालत नाही. मग मैत्रीण सांगते ते, रीलवर दिसतं ते, दुकानदार पुढे करतो ते असं एकेक घेत जातो, आणि पैसे जाऊनही काय चुकलं ते कळत नाही. मी या चक्रातून गेले आहे आणि आता बऱ्यापैकी बाहेर आले आहे. ज्या क्रमाने गेलं असतं तर पैसे आणि वैताग वाचला असता, तो क्रम इथे देते.

मी डॉक्टर नाही. केस पुंजक्यांनी गळत असतील, डोक्यावर गोल चट्टे पडत असतील (चाई), टाळूवर फोड, पू किंवा जाड खपल्या असतील, तर शाम्पू शोधत बसू नका. सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

हाताशी काय हवं

- झाकणाची पारदर्शक बाटली (पाणी तपासायला)
- रुंद दातांचा कंगवा
- पंचा किंवा जुना सुती टी-शर्ट
- मोबाईल: मागच्या बाजूची बारीक अक्षरं झूम करायला आणि केसांचे फोटो काढायला
- शाम्पूच्या पुड्या किंवा सगळ्यात छोट्या बाटल्या
- एक वही, नाहीतर फोनमधली नोंद

१. घरात येणारं पाणी तपासा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते निम्मा घोळ इथेच असतो. मुंबईला भातसा, वैतरणा, तानसा अशा तलावांचं पाणी येतं. पुण्याच्या जुन्या भागात खडकवासल्याचं येतं. हे पाणी तसं मृदू. पण शहराच्या कडेच्या नव्या सोसायट्यांमध्ये बोअर आणि टँकरवर दिवस काढावे लागतात, आणि खडकातून आलेल्या त्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. हे क्षार केसांवर बसतात. केस राठ लागतात, निस्तेज दिसतात, कंडिशनर लावूनही गुंता सुटत नाही. माझं माहेर कोकणातलं. तिथल्या विहिरीच्या पाण्याने न्हालं की हेच केस, त्याच शाम्पूने, शहाण्यासारखे वागतात.

पाणी जड आहे का, हे घरच्या घरी कळतं. तूरडाळ शिजायला कुरकुर करते का? नळाच्या तोंडाशी, बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो का? गिझरची कॉइल वरचेवर खराब होते का? तिन्हीला ‘हो’ असेल तर पुढे काही तपासायची गरज नाही. शंका असेल तर पारदर्शक बाटली अर्धी पाण्याने भरा, त्यात अंगाच्या साध्या साबणाचा थोडा किस टाका आणि झाकण लावून जोरात हलवा. भरपूर फेस आणि खाली स्वच्छ पाणी दिसलं तर पाणी मृदू. फेस जेमतेम, पाणी गढूळ आणि वर पांढुरकी साय आली तर जड. यासाठी लिक्विड सोप किंवा डिटर्जंट घेऊ नका, ते जड पाण्यातही फेस करतात.

टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो, पण तो पाण्यात विरघळलेलं सगळंच मोजतो, फक्त जडपणा नाही. जडपणाचा खरा आकडा हवा तर सोसायटीने पाणी प्रयोगशाळेत दिलं असेल तो अहवाल मागा. त्यात ‘एकूण काठिण्य’ असा रकाना असतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ही मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. पिण्यासाठी ६०० ‘चालतं’, म्हणून केसांनाही चालेल असं नाही.

पाणी जड निघालं तर काय करायचं?

- शेवटचा तांब्या आरओच्या किंवा पावसाच्या पाण्याचा घ्या. फक्त शेवटचा. तेवढ्यानेही फरक कळतो. आरओमधून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी मात्र केसांना नको. त्यात क्षार उलट जास्त असतात, ते फरशीलाच बरं.
- महिन्यातून एक-दोनदा क्षार ओढून काढणारा शाम्पू वापरा. ‘हार्ड वॉटर’ किंवा ‘चिलेटिंग’ असं लिहिलेला, आणि घटकांमध्ये ईडीटीए, सोडियम ग्लुकोनेट किंवा फायटिक ॲसिडसारखं काही वरच्या बाजूला असलेला. हे घटक साध्या शाम्पूतही थोडे असतात, पण ते मुख्यतः शाम्पू टिकावा म्हणून. त्यानंतर कंडिशनर चुकवू नका.
- शॉवरला लावायचे छोटे फिल्टर विकत घेण्याआधी दहादा विचार करा. त्यातले बहुतेक क्लोरीन आणि गाळ कमी करतात. जडपणा घालवायला रेझिनचा सॉफ्टनर लागतो, ज्यात अधूनमधून मीठ घालावं लागतं. मुठीएवढ्या डबीतून ते काम होत नाही.

२. केस ओळखा, पण तक्त्यात अडकू नका

ऑनलाइन सगळीकडे १ ते ४ आणि पुढे ए-बी-सी असा तक्ता दिसेल. अमेरिकेतले केशरचनाकार आंद्रे वॉकर यांनी मांडलेली ही पद्धत: १ म्हणजे सरळ, २ लाटदार, ३ कुरळे, ४ अगदी घट्ट वळ्यांचे. एकाच डोक्यावर मागे २ बी आणि कानांपाशी ३ ए असणं अगदी नेहमीचं आहे. आपला नंबर काय यावर डोकं शिणवू नका. खरेदीला त्यापेक्षा या गोष्टी उपयोगी पडतात.

*केस जाड की बारीक?* गळलेला एक केस अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवा. शिवणाच्या दोऱ्यासारखा स्पष्ट जाणवला तर जाड. हातात काहीच नाही असं वाटलं तर बारीक. बारीक केसांवर शिया बटर, एरंडेल असले जड प्रकार घातले की ते चिपकून बसतात. जाड केस ते आनंदाने पितात.

*पाणी पितात की झटकतात?* नळाखाली धरल्यावर केस भिजायला वेळ लागतो, पाण्याचे थेंब वरच राहतात आणि धुतल्यावर संध्याकाळपर्यंत ओले असतात? मग पोरॉसिटी (केसाची पाणी शोषायची क्षमता) कमी. त्यांना हलके, पातळ प्रकार मानवतात. चटकन भिजून चटकन वाळतात, तर पोरॉसिटी जास्त. रंगवलेले, ब्लीच केलेले, आयर्न फिरवलेले केस बहुधा यात मोडतात. त्यांना दाट कंडिशनर आणि थोडं प्रोटीन लागतं. ग्लासभर पाण्यात केस टाकून तरंगतो की बुडतो ते बघायची चाचणी सोडून द्या. केसाला तेलाचं बोट लागलेलं असेल तरी तो तरंगतो.

*टाळू कसा आहे?* टाळू आणि केसांची लांबी ही दोन वेगळी गिऱ्हाइकं आहेत. कुरळ्या केसात टाळूचं तेल वळणं घेत टोकापर्यंत पोचतच नाही, म्हणून वर तेलकट आणि खाली कोरडं असं होतं. शाम्पू टाळू पाहून निवडा आणि टाळूलाच चोळा. कंडिशनर केसांची लांबी पाहून निवडा आणि कानाच्या खालीच लावा.

३. बाटली उलटी करा

पुढच्या बाजूला जाहिरात असते, माहिती मागे असते. घटकांची यादी हवी तशी लिहिलेली नसते. भारतातल्या नियमानुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने द्यावे लागतात, आणि एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर कुठल्याही क्रमाने. म्हणजे पहिली पाच-सात नावं म्हणजेच ती बाटली. साधारणपणे ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ या शब्दाच्या आसपास एक टक्क्याची रेघ असते. पुढे आवळा, जास्वंद, माका यांचं देखणं चित्र आणि यादीत त्यांची नावं पार तळाला, सुगंधाच्याही खाली, असं दिसलं की समजून जा.

काय शोधायचं:

*धुणारा घटक.* सोडियम लॉरिल सल्फेट, सोडियम लॉरेथ सल्फेट, अमोनियम लॉरिल सल्फेट ही जोरदार सफाई करणारी मंडळी. कोरड्या, कुरळ्या केसांना रोजच्या वापरात ती जड जातात. डेसिल ग्लुकोसाइड, कोको ग्लुकोसाइड, कोकामिडोप्रोपिल बीटेन, सोडियम कोकॉइल आयसेथियोनेट हे सौम्य. इथे एक ठरलेली फसगत आहे. ‘सल्फेट फ्री’ असं ठळक छापलेलं असतं आणि मागे दुसऱ्या क्रमांकावर ‘सोडियम सी १४-१६ ओलेफिन सल्फोनेट’ असतं. सल्फोनेट म्हणजे सल्फेट नव्हे, त्यामुळे छापलेलं खोटं नाही, पण सफाईत तो काही फार मवाळ नाही. मात्र सल्फेट म्हणजे विष हेही खरं नाही. तेलकट टाळूच्या आणि डोक्याला तेल थापणाऱ्या माणसाला अधूनमधून तो लागतोच.

*सिलिकोन.* नावाच्या शेवटी ‘कोन’ किंवा ‘सिलॉक्सेन’ असतं: डायमेथिकोन, अमोडायमेथिकोन, सायक्लोपेंटासिलॉक्सेन. केसांवर गुळगुळीत थर देतात, गुंता सोडवतात. सौम्य शाम्पूने यातले काही नीट निघत नाहीत आणि थरावर थर चढतो. नियम सोपा ठेवा. सिलिकोनचा कंडिशनर घेणार असाल तर महिन्यातून एखादी धुलाई जोरदार शाम्पूची करा. ती करायची नसेल तर सिलिकोन नसलेला घ्या. दोन्ही मार्ग ठीक आहेत. कुठल्याही एका पंथात सामील व्हायची गरज नाही.

*अल्कोहोल.* नाव वाचून दचकू नका. सीटिल, सीटिअरिल, बेहेनिल अल्कोहोल ही मेणासारखी, मऊपणा देणारी असतात. चांगल्या कंडिशनरमध्ये ती हवीतच. ‘अल्कोहोल डीनॅट’ किंवा ‘आयसोप्रोपिल अल्कोहोल’ पहिल्या पाचात असेल तर मात्र कोरड्या केसांनी लांब राहावं.

*प्रोटीन.* ‘हायड्रोलाइज्ड’ या शब्दाने ओळखा: गहू, रेशीम, केराटिन. खराब झालेल्या केसांना तात्पुरता आधार मिळतो. शाम्पू, कंडिशनर, मास्क, जेल अशा चारही ठिकाणी प्रोटीन आलं की केस काडीसारखे कडक होतात. चारातल्या एकात पुरे.

पॅराबेन फ्री, व्हीगन, ओनियन, बायोटिन हे शब्द कुरळ्या केसांच्या निवडीत वाचले नाहीत तरी चालतं.

यादी वाचून झाली की उत्पादन परवाना क्रमांक, मुदत आणि उघड्या डबीचं छोटं चित्र बघा. त्यावर ‘१२ एम’ असेल तर उघडल्यापासून बारा महिन्यांत संपवायचं.

४. तुमच्या गावची हवा लक्षात घ्या

ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढतं. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या पावसाळ्यात हवाच ओलीचिंब असते. तिथे जेल किंवा लीव्ह-इनमध्ये (न धुता केसांतच ठेवायच्या क्रीममध्ये) ग्लिसरीन दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर असेल तर केस फुगतात. नागपूर-अकोल्याच्या एप्रिल-मे महिन्यांत हवेत ओढण्यासारखं काही नसतंच. तिथे नुसत्या ग्लिसरीनवर न विसंबता त्यावर थेंबभर तेल किंवा दाट क्रीम लागतं. मुंबईच्या मुलीने शपथेवर सांगितलेलं जेल औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) अजिबात चालत नाही, त्यामागे बरेचदा एवढंच असतं. वर्षभर एकच बाटली असा हट्ट सोडा. पावसाळ्याचं एक, बाकी वर्षाचं एक.

लंडन आणि आसपास स्थायिक झालेल्यांना आणखी एक गंमत कळते. हवा बदलली तरी पाणी तिथेही जडच असतं. त्यांनी पहिली पायरी पुन्हा वाचावी.

५. विकत घेण्याआधी घरातलं वापरून बघा

खोबरेल. याच्या बाजूने नुसती आजी नाही, संशोधनही आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑइलची तुलना झाली होती. केसांतलं प्रोटीन कमी वाया जाणं फक्त खोबरेलाने साधलं, कारण त्यातलं लॉरिक ॲसिड केसाच्या आत शिरू शकतं. तो अभ्यास खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच संशोधकांचा होता हेही सांगून ठेवते. न्हाण्याआधी तासभर, केसांच्या लांबीला लावा. कोंडा असेल तर टाळूवर तेल चोपडू नका. कोंड्यामागची बुरशी तेलावरच पोसते.

शिकेकाई-रिठा. शिकेकाई चांगली, पण कुटलेली पूड कुरळ्या केसात अडकून बसते. उकळून, गाळून, नुसतं पाणी घ्या. रिठा एकटा वापरला तर केस फार सुकवतो, आणि डोळ्यांत गेला तर विचारू नका. ‘शिकेकाईचा साबण’ ही मात्र वेगळी चीज. तो साबणच असतो, अल्कधर्मी, आणि बोअरच्या पाण्यात त्याची केसांवर साय धरते.

जवसाचं जेल. बाजारातल्या महागड्या जेलच्या आधी हे करून बघाच. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मध्यम आचेवर ठेवा आणि ढवळत राहा, नाहीतर तळाला लागतं. आधी वर बारीक पांढरा फेस येतो, मग पाणी दाटायला लागतं. चमचा उचलल्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार लोंबली की लगेच गॅस बंद. गरम असतानाच जुन्या ओढणीच्या तुकड्यातून गाळा आणि चिमट्याने पिळा. गार झालं की ते कापडातून सुटत नाही, आणि मग तुम्ही, जवस आणि ओढणी असे तिघं एकमेकांना चिकटून बसता. बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा, आठवड्यात संपवा, वास बदलला तर फेकून द्या. उरलेले जवस झाडांच्या मातीत.

६. आता खरेदी: छोटं माप, एका वेळी एकच बदल

आधी शाम्पू बदला. तीन-चार धुलाया होईपर्यंत बाकी सगळं जुनंच ठेवा. मग कंडिशनर, मग लीव्ह-इन, शेवटी जेल. अख्खा संच एकदम घेतला तर केस बिघडले तरी कोणामुळे ते कळत नाही, सुधारले तरी कळत नाही. ‘पाच बाटल्यांचा कॉम्बो, ४० टक्के सूट’ ही सूट तुमच्यासाठी नसते.

किराणा दुकानातल्या पुड्या इथे फार कामाच्या. फिक्स माय कर्ल्स, कर्ल अप, मॅनेटेन, आश्बा बोटॅनिक्स अशा खास कुरळ्या केसांसाठीच्या भारतीय कंपन्या आता बऱ्याच आहेत. त्यांच्याकडे प्रवासी आकाराच्या बाटल्या मिळतात का ते बघा. पैसे मर्यादित असतील तर शाम्पू साधा घ्या आणि कंडिशनरवर खर्च करा. शाम्पू धुऊन जातो, केसांशी दिवसभर राहतो तो कंडिशनरचा थर.

नवीन काहीही आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास बघा. केस रंगवायचा डाय आणि ‘काळी मेंदी’ यांत पीपीडी नावाचं रसायन असू शकतं. त्याची ॲलर्जी वाईट असते, तिथे तर ही चाचणी टाळूच नका.

वहीत लिहायचं ते एवढंच: तारीख, काय लावलं, पाणी कुठलं, हवा कशी, दुसऱ्या दिवशी केस कसे. फोटो दर वेळी त्याच खिडकीपाशी काढा.

७. लावायची रीत

कंडिशनर निथळत्या केसांवर लावा आणि तसंच खालून वर रुंद कंगव्याने विंचरा. कुरळे केस कोरडे असताना विंचरायचे नाहीत, लोक काहीही म्हणोत. मग कंडिशनर धुऊन टाका आणि केस ओले असतानाच जेल लावा. डोकं पुढे झुकवून पंचा तळव्यावर घ्या आणि केस खालून वर मुठीत दाबत पाणी टिपा. टर्किश टॉवेलने खसाखसा पुसलं की सगळी मेहनत वाया. पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका. वाळल्यावर जेलमुळे केस पापडासारखे कडक वाटतील. घाबरायचं कारण नाही. हाताला तेलाचे दोन थेंब लावून ते चुरगाळा, कडकपणा जातो, वळण राहतं.

८. पार्लरमधलं ‘कायमचं’ उत्तर

केराटिन, स्मूदनिंग, बोटॉक्स अशा नावांनी जे विकलं जातं, त्यातल्या काही प्रकारांत फॉर्मलडिहाइड असतं किंवा गरम केल्यावर बाहेर पडतं. डोळे चुरचुरणं, घसा खवखवणं हे त्याचं लक्षण. करायचंच असेल तर बाटली बघायला मागा. दाखवत नसतील तर उठा. गरोदर बायकांनी आणि दमा असणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. आणि हिशेब नीट करा. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतात, म्हणजे मुळाशी पुन्हा कुरळे येणारच. वर कुरळे, खाली सरळ अशा अवस्थेत काढावे लागणारे महिने कोणी सांगत नाही.

९. बिघडलं तर काय बघायचं

केस काडीसारखे कडक, ताणले की तुटतात: प्रोटीन थांबवा, दोन-तीन धुलाया नुसता मऊ कंडिशनर.

लोंबकळतात, वळण धरत नाहीत, फार मऊ झालेत: हा उलटा प्रकार, थोडं प्रोटीन हवंय.

धुऊनही मेणचट: थर साचलाय किंवा क्षार आहेत. एक जोरदार धुलाई करा. नंतर लिटरभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून ते पाणी ओता आणि साध्या पाण्याने धुवा. टाळूवर खरचटलेलं असेल तर व्हिनेगर नको.

टाळूला खाज, लाली, पुरळ: त्याच दिवशी बंद. बाटली टाकू नका, डॉक्टरांना घटकांची यादी दाखवायला लागते.

कोंडा हटत नाही: डॉक्टर कीटोकोनॅझोलसारखा औषधी शाम्पू देतील. तो लावून तीन ते पाच मिनिटं थांबायचं असतं. लगेच धुतला तर काम करत नाही. हे शाम्पू केसांची लांबी कोरडी करतात, म्हणून लावण्याआधी टोकांना कंडिशनर चोपडून ठेवा.

१०. जमलं की

मागच्या यादीचा फोटो काढून ठेवा. कंपन्या गाजावाजा न करता घटक बदलतात, किंवा बाटलीवर ‘नवीन’, ‘सुधारित’ असं छापतात आणि आतलं काहीतरी वेगळंच निघतं. पुढची बाटली घेताना दुकानातच पहिली सात नावं फोटोशी ताडून बघा. जमलं म्हणून सेलमध्ये सहा बाटल्या भरून ठेवू नका. मुदत संपते, आणि घर बदललं तर पाणीही बदलतं.